'सिस्टम इंटरप्ट्स' सारखं १२-१३ टक्के सीपीयू खातंय, फॉरमॅट करूनही तेच. हार्डवेअर कॉन्फ्लिक्ट कसा शोधायचा?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले या एका त्रासाने जीव मेटाकुटीला आलाय म्हणून सगळं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या. घरचा डेस्कटॉप आहे, चार कोर आठ थ्रेडचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज १०. माझं काम ऑडिओ ऐकून टाइप करायचं, त्यामुळे आवाज स्वच्छ येणं ही माझी पहिली गरज. आणि नेमका आवाजच फाटतोय. एक वाक्य नीट ऐकू येतं, पुढच्यात मधेच कर्रर्र करून दोन शब्द गायब, परत मागे जाऊन ऐकायचं, परत तेच. माऊसपण अडकत अडकत सरकतो आणि कधी कधी एकच अक्षर तीन-तीनदा उमटतं.

टास्क मॅनेजर उघडला तर सगळ्यात वर 'सिस्टम इंटरप्ट्स', १२ ते १३ टक्के, काहीही चालू नसताना. एंड टास्क करायला गेले तर होत नाही. अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केला, काही सापडलं नाही. स्टार्टअपमधलं सगळं बंद केलं. शेवटी मन घट्ट करून सगळा डेटा बाजूला काढला आणि विंडोज नव्याने टाकलं, त्यात एक अख्खा दिवस गेला, आणि पहिल्यांदा डेस्कटॉप आल्या आल्या बघितलं तर तेच १२ टक्के. खरं सांगते, रडू यायचं बाकी होतं.

गेल्या दीड महिन्यात बदललेल्या गोष्टी: कॅबिनेट नवीन घेतलं (जुन्याचं पॉवर बटण गेलं होतं), त्याच वेळी एक एसएसडी वाढवली, आणि नंतर यूएसबीचा वायफाय डोंगल. एका ओळखीच्याने सांगितलं की हा हार्डवेअर कॉन्फ्लिक्ट आहे, दोन डिव्हाइस एकच आयआरक्यू (डिव्हाइसने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) वापरत असतील. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठेच नाही पण आयआरक्यूच्या यादीत खरंच दोन ठिकाणी १६ नंबर दिसतोय. हाच तो कॉन्फ्लिक्ट का? आणि असेल तर नंबर बदलायचा कसा, बदलायचं बटण तर करड्या रंगाचं आहे, दाबलंच जात नाही.

बिनधास्त९९
मायनर (चोरून क्रिप्टो काढणारा व्हायरस) असणार १००%. आजकाल ते सिस्टमच्या नावाने लपतात. दुसऱ्या कुठल्यातरी अँटिव्हायरसने स्कॅन मारा, नाहीतर परत फॉरमॅट मारा पण या वेळी सगळी पार्टिशन उडवून.

सोल्डरगन
बिनधास्त भाऊ, कृपा करून त्यांना परत फॉरमॅट करायला लावू नका, एक दिवस आधीच गेलाय बिचारीचा. मायनर आठापैकी एकाच थ्रेडवर शांत बसत नाही आणि कोऱ्या विंडोजवर पहिल्याच मिनिटाला येतही नाही. ताई, खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये सिस्टम इंटरप्ट्सची ओळ बघा, पीआयडीच्या (प्रोग्रामच्या ओळख क्रमांकाच्या) रकान्यात आकडा नसेल, नुसती आडवी रेघ असेल. म्हणजे तो प्रोग्रामच नाही. तो एक मीटर आहे. हार्डवेअरकडून 'माझ्याकडे बघा' अशी हाक आली की प्रोसेसर हातातलं काम तसंच ठेवून तिकडे जातो, त्या हाकांना ओ देण्यात किती वेळ गेला तेवढं ती ओळ दाखवते. म्हणून एंड टास्क होत नाही, मीटर बंद करून वीज वाचत नाही तसंच.

आता तुमचा आकडा बघा. आठ थ्रेड आहेत, म्हणजे विंडोजला आठ प्रोसेसर दिसतात, १०० भागिले ८ म्हणजे १२.५. तुम्ही १२ ते १३ लिहिलंय. म्हणजे सगळा प्रोसेसर थोडा थोडा बिझी नाहीये, एक थ्रेड पूर्णच्या पूर्ण गिळला गेलाय. एकाच डिव्हाइसच्या हाका बहुतेक वेळा एकाच थ्रेडकडे जातात आणि त्याच थ्रेडच्या वाट्याला आवाजाचं किंवा माऊसचं काम आलं की ते रांगेत अडकतं. त्यामुळे 'फक्त १२ टक्के तर आहे' असं वाटतं पण प्रत्यक्षात वापरणाऱ्याचे हाल होतात. परफॉर्मन्स टॅबमध्ये ग्राफवर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा, शिवाय 'शो कर्नल टाइम्स' वर टिक करा (कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा). आठ चौकोन दिसतील, त्यातला एक गडद रंगाने वरपर्यंत भरलेला दिसला तर माझं म्हणणं बरोबर.

आयआरक्यू १६ दोनदा दिसतो त्याची काळजी सोडून द्या. शेअरिंग म्हणजे कॉन्फ्लिक्ट नाही. पीसीआयच्या काळापासून दोन-तीन डिव्हाइसनी एक लाइन वाटून घेणं हे मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. यादीत अजून खाली गेलात तर उणे नंबरसुद्धा दिसतील, उणे २, उणे ३ असे, ती नवीन पद्धत आहे, त्यात डिव्हाइस वेगळी लाइन न वापरता मेसेज पाठवून हाक मारतं, तिथे वाटून घ्यायचा प्रश्नच येत नाही. खरोखर रिसोर्स मिळाला नसता तर त्या डिव्हाइसवर पिवळं चिन्ह आणि कोड १२ दिसला असता. तुमच्याकडे तो नाही.

म्हणजे दोन डिव्हाइसचं भांडण नाही, कुणीतरी एकच जण अखंड ओरडतोय. तो शोधायचा.

जुनीमशीन
सोल्डरगन यांनी बरोबर सांगितलंय, फक्त 'आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट' हा शब्द लोकांच्या तोंडी का बसलाय ते लिहितो, कारण एके काळी तो अगदी खरा होता. जुन्या मशीनमध्ये आयआरक्यूच्या लाइनी १६, शून्य ते पंधरा, त्यातली २ नंबरची इंटरप्टच्या दोन चिप एकमेकींना जोडण्यात जायची म्हणजे उरल्या १५. त्यातही टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांच्या ठरलेल्या. सीरियल पोर्टपैकी कॉम १ आणि कॉम ३ दोघांना ४ नंबर, कॉम २ आणि कॉम ४ दोघांना ३ नंबर. कॉम १ ला सीरियल माऊस असेल आणि मोडेमच्या कार्डावर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) कॉम ३ ला लावलेला असेल तर फोन लागला की माऊस जागच्या जागी थिजायचा. साउंड कार्ड ५ वर, प्रिंटर पोर्ट ७ वर, कार्ड बाहेर काढून चिमट्याने जंपर हलवायचा आणि कागदावर लिहून ठेवायचं कुठला नंबर कुणाला दिला ते. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर प्लग अँड प्ले आलं आणि हे नंबर वाटायचं काम मशीनकडे गेलं. आता ते एसीपीआय (बोर्ड आणि विंडोज यांच्यातली ठरलेली व्यवस्था) बघतं म्हणून तुमचं बटण करडं आहे, त्याला हात लावायची गरजही नाही.

ज्यांच्याकडे अजून जुनी एक्सपी मशीन चालू आहे त्यांच्यासाठी एक वेगळं कारण: आयडीई (जुन्या रुंद चपट्या केबलची) हार्ड डिस्क. केबल खराब असली की डेटा वाचताना चुका होतात, अशा सहा चुका जमल्या की विंडोज त्या डिस्कचा वेग एक पायरी खाली आणतं, असं करत करत शेवटी पीआयओ मोडवर येऊन बसतं. पीआयओमध्ये प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतो, साधी फाइल कॉपी करायला घेतली तरी सगळं मशीन गुडघ्यावर येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये करंट ट्रान्सफर मोड बघायचा. पीआयओ दिसला तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट, आणि केबल ८० तारांची आहे ना ते बघणं. केबल न बदलता नुसतं अनइन्स्टॉल केलं तर थोड्या दिवसांनी परत पीआयओ. तुमच्या मशीनला हे लागू नाही.

ध्वनीरेषा
मी घरी रेकॉर्डिंग करतो त्यामुळे आवाज फाटणं म्हणजे काय यातना ते मला चांगलं माहितीये. लेटन्सीमॉन नावाचं टूल आहे, ते टाका आणि कमीत कमी दहा मिनिटं चालू ठेवा, त्या वेळात नेहमीसारखं काम करत राहा. मग ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये कुठला ड्रायव्हर जास्त वेळ घेतोय ते कळेल. इंटरप्ट, म्हणजे वर सांगितलेली हाक, आला की ड्रायव्हर अगदी थोडं काम लगेच करतो आणि उरलेलं डीपीसी म्हणून मागे ठेवतो. ते मागे ठेवलेलं कामसुद्धा १०० मायक्रोसेकंदांच्या आत संपवावं असं मायक्रोसॉफ्टचं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगणं आहे, तिथे हजारांत आकडे दिसले तर आवाज फाटणारच.

पण एक फार महत्त्वाचं, यात मी स्वतः दोन रविवार घालवलेत. यादीत वर एनडीआयएस, स्टोरपोर्ट किंवा डब्ल्यूडीएफ ०१००० अशी नावं आली तर तोच दोषी असं समजू नका. ही विंडोजची सामायिक चौकट आहे, तिच्या खांद्यावर बसून दुसऱ्याच कंपनीचा ड्रायव्हर काम करत असतो. एनडीआयएस दिसलं तर नेटवर्कवाला कुणीतरी, स्टोरपोर्ट दिसलं तर डिस्कवाला, इतकाच अर्थ घ्यायचा. माझ्याकडे एनडीआयएस होतं, शेवटी वायफाय कार्डाचा ड्रायव्हर निघाला, कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून आधीचं व्हर्जन टाकल्यावर थांबलं. तुमचा नवीन डोंगल मला संशयित वाटतो.

पाऊसवेडी
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. आठ चौकोनांतला पहिलाच पूर्ण गडद आहे. पीआयडीच्या जागी रेघच आहे. लेटन्सीमॉन पंधरा मिनिटं चालवलं, वर डब्ल्यूडीएफ ०१००० आणि खाली यूएसबीचं काहीतरी एक्सएचसीआय. डोंगल काढून बघितला, फरक शून्य. म्हणजे तो सुटला. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एक एक गोष्ट डिसेबल करत जाऊ का? यूएसबी कंट्रोलरपासून सुरुवात करते.

सोल्डरगन
ताई थांबा, यूएसबी कंट्रोलर डिसेबल करू नका!! बहुतेक बोर्डांवर जवळपास सगळे पोर्ट एकाच कंट्रोलरवर असतात. तो डिसेबल केला की कीबोर्ड माऊस दोन्ही मरतील आणि रीस्टार्ट करूनही तो डिसेबलच राहील, मग परत चालू करायचा कशाने? माझ्यासमोर एकाने हे केलं होतं, पीएस टू (जुन्या गोल पिनेचा) कीबोर्ड शोधत फिरावं लागलं. साउंड, लॅन, ब्लूटूथ, कार्ड रीडर एवढंच डिसेबल करून बघा, एकेक करून, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून आकडा बघायचा, फरक नाही पडला तर ते परत एनेबल करायचं आणि मगच पुढचं. डिस्क कंट्रोलर आणि सिस्टम डिव्हाइसेसच्या खालचं काहीही हात लावायचं नाही. सगळं एकदम बंद केलं तर आकडा उतरेल पण कुणामुळे उतरला ते कधीच कळणार नाही.

यूएसबीसाठी मात्र हाताने काढणं हाच मार्ग. कीबोर्ड माऊस सोडून मागचं पुढचं सगळं काढा. प्रिंटर, हब, पेनड्राइव्ह, वेबकॅम, सगळं. तरी चालूच राहिलं तर कॅबिनेटच्या आतून यूएसबीला जोडलेल्या गोष्टी उरतात आणि त्या लोकांच्या लक्षातच येत नाहीत. पुढच्या पॅनलचे पोर्ट, आतला कार्ड रीडर, ब्लूटूथ. तुम्ही कॅबिनेट बदललंय हे मी परत वाचलं आणि माझा संशय तिकडेच जातोय.

आणि एक, बंद करताना शटडाउन न करता रीस्टार्ट करा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर जपून ठेवले जातात, नव्याने सुरू होत नाहीत, मग बदल केला तरी जुनीच अवस्था परत दिसते.

जुनीमशीन
विंडोजचा दोष की हार्डवेअरचा हे एका फटक्यात ठरवायचं असेल तर लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह करून त्यावरून मशीन सुरू करा, काही इन्स्टॉल करू नका. टर्मिनलमध्ये प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाइल उघडा, काही सेकंद थांबून परत उघडा. प्रत्येक डिव्हाइससमोर आत्तापर्यंतच्या हाकांचा आकडा असतो. साधा यूएसबी माऊस हलवत राहिलात तर सेकंदाला १२५ च्या आसपास, हात काढला की जवळपास थांबायला हवा. कुठली ओळ हात न लावता हजारोंनी पळतेय ते बघा. तिथे विंडोज नाही, विंडोजचे ड्रायव्हर नाहीत, तरीही ओळ पळत असेल तर दोष हाताने धरता येईल अशा वस्तूत आहे.

लॅपटॉपवाले कुणी वाचत असतील तर: तुमच्या यादीत एसीपीआय वर दिसलं तर बॅटरी, चार्जर, लिड (स्क्रीनचं झाकण) यांच्या सूचना सारख्या येत असण्याची शक्यता जास्त, चार्जर काढून लावून बघा आणि बायोस अपडेट आहे का ते पाहा.

पाऊसवेडी
सापडलं!!! हात थरथरतायत पण आत्ताच लिहिते नाहीतर काहीतरी विसरेन.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. एक्सएचसीआयची ओळ, मी माऊसला हातही लावला नव्हता आणि दोनदा फाइल उघडली त्या पाच-सहा सेकंदांत आकडा काही हजारांनी वाढला. बाकी ओळी जागच्या जागी. शिवाय त्याच टर्मिनलमध्ये डीमेसेग (कर्नलच्या नोंदी) बघितलं तर 'ओव्हर करंट', म्हणजे जास्त वीज ओढली जातेय, अशा अर्थाच्या ओळी एकामागून एक, सगळ्या एकाच पोर्टच्या नावाने. तेव्हाच विंडोजवरचा माझा राग गेला.

मग मागचं सगळं काढलं, प्रिंटर, वेबकॅम. काही फरक नाही. आणि वेबकॅमची वायर ओढताना कॅबिनेट जरासं हललं तर तेवढ्यापुरती ओळ थांबली! परत पुढून हलकेच दाबलं, थांबली, सोडलं, सुरू. इतकं बरं वाटलं सांगू, कारण पहिल्यांदा माझ्या हाताने त्या त्रासात काहीतरी फरक पडला.

मशीन बंद केलं, वायर भिंतीतून काढली, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं आणि बाजूचं झाकण उघडलं. पुढच्या पॅनलमधून एक जाड निळी चपटी केबल बोर्डवर येते, बोटभर रुंद डोकं असलेली. ती सरळ बसलेलीच नव्हती, एका टोकाला जरा वर उचललेली. हळू हळू दोन्ही टोकं आळीपाळीने हलवत काढली आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर खालच्या पिनांच्या दोन रांगांत कडेची एक पिन वाकून शेजारच्या पिनेला जवळजवळ टेकलेली. केसाएवढं अंतर. कॅबिनेट बदलताना ती केबल मीच बसवली होती, बसत नाही म्हणून जोर दिला होता ते आता आठवतंय. पुढच्या पोर्टमध्ये मी कधी काही लावतच नाही त्यामुळे तिकडे लक्ष जायचं कारणच नव्हतं.

आत्ता ती केबल काढून बाजूला ठेवलीये आणि विंडोजवरून लिहितेय. सिस्टम इंटरप्ट्स ०.१, कधी ०.२. पिन सरळ करू का तशीच सोडू?

सोल्डरगन
वा ताई, फार आनंद झाला! त्या निळ्या कनेक्टरमध्ये १९ पिना असतात, विसाव्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते म्हणजे उलटा बसू नये, आणि त्या पिना फार बारीक. तुम्ही एकट्या नाही, मी असे वाकलेले बरेच बोर्ड पाहिलेत. केबलच्या दाबाने वाकलेली पिन शेजारणीला लागली की कंट्रोलरला वाटतं पोर्टमध्ये शॉर्ट आहे, तो हाक मारतो, विंडोज पोर्ट बंद करून परत चालू करतं, तो परत हाक मारतो, हे दिवसभर. ड्रायव्हर बिचारा नियमाप्रमाणेच काम करत होता म्हणून पिवळं चिन्ह कुठेच आलं नाही.

पुढचे पोर्ट लागत नसतील तर तशीच सोडा, केबलच्या डोक्यावर कागदी टेप गुंडाळून दूर बांधून ठेवा म्हणजे पंख्यात जाणार नाही. लागत असतील तर मशीन पूर्ण बंद, वायर काढलेली, आणि लीड पेन्सिलीचं रिकामं टोक पिनेवर चढवून एकाच झटक्यात नाही तर थोडं थोडं करून उभी करा. मागे पुढे दोनदा वाकवली की तुटते. पिन उभी झाल्यावर केबल बसवताना आधी कनेक्टरची खाच जुळवा, मग दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब. आडकाठी वाटली तर थांबायचं.

ध्वनीरेषा
अभिनंदन! डोंगलवर मी उगाच आळ घेतला, तो आता परत लावा. एकदा दहा मिनिटं लेटन्सीमॉन चालवून आकडे बघा, आधीचे लिहून ठेवले असतील तर तुलना करा, कारण आवाजामागे अजून एखादं छोटं कारण लपलेलं असेल तर ते आता मोकळं दिसेल.

बिनधास्त९९
मी चुकीचा सल्ला दिला होता, माफ करा ताई. ते चौकोन आणि कर्नल टाइमवालं माझ्या मशीनवर पण बघितलं, शिकायला मिळालं.

पाऊसवेडी
माफी कसली, तुम्ही लगेच उत्तर दिलंत तेच खूप होतं. लेटन्सीमॉन चालवलं, आधी डब्ल्यूडीएफसमोर चार आकडी मायक्रोसेकंद होते ते आता ८० च्या आत. डोंगल परत लावला, काही त्रास नाही. पिन पेन्सिलीच्या टोकाने थोडी उभी केली पण केबल परत लावली नाही, टेप गुंडाळून बांधून टाकली, पुढचे पोर्ट मला नकोतच. आज चाळीस मिनिटांची एक फाइल सलग ऐकून टाइप केली, एकदाही मागे जावं लागलं नाही.